उपाशीपोटी औषध

तुळजाच्या कोंबड्यांना ऊन बाधायचं, यात नवल कसलं? तिथं माणसांनाच बाधत होतं. सुप्याच्या धरणात गाव गेलं, तेव्हा घराबरोबर झाडांची सावलीही गेली. रामनगरात वाट्याला आला उघडा माळ आणि डोक्यावर पत्रा. शेजारी तसल्याच पत्र्याच्या खोपटात ऐंशी कोंबड्या. अंडी लोंढ्याच्या बाजाराला जायची आणि त्यावर दोन माणसं जगायची. नवरा येसाजी लाकूडतोडीत ओंडक्याखाली सापडला, तेव्हापासून खुबा कामातून गेलेला. कुबडी घेऊन अंगणात फिरायचा, तेही दुखण्याची गोळी घेतली तर.

आदल्या वैशाखात तीस कोंबड्या चोची उघडून, धापा टाकत मेल्या होत्या. यंदाही तसंच झालं तर तुळजानं गोव्याला मजुरीला जायचं, हे ठरलेलं. येसाजीचं मग कोण करणार, हे मात्र दोघंही बोलत नव्हती.

जनावरांचा डॉक्टर माणूस भला. त्यानं पांढऱ्या पुडीची पिशवी दिली आणि समोर बसवून समजावलं.

"अमिनो ॲसिड म्हणतात हिला, अक्का. उन्हात कोंबडी खात नाही, मग अंगातलं बळ तुटतं. ही पूड ते थोडंफार भरून काढते. पण खाल्लेलं पचताना अंगात उष्णता वाढते, एवढं ध्यानात ठेव. सकाळी नवाला दाणा काढून घ्यायचा, तो थेट सांजेला द्यायचा. दुपारी नुसतं गार पाणी आणि त्यात पूड."

तुळजानं ते देवाच्या शब्दासारखं पाळलं. मे महिना अर्धा सरला तरी एक कोंबडी दगावली नाही. बाई हरखली होती, खोटं कशाला बोला.

आणि मग धरणाचं पाणी उतरलं. जुन्या गावच्या गावदेवाचा दगड वर्षातून तेवढेच चार दिवस उघडा पडतो. उठून गेलेली सगळी माणसं टेंपो करून जातात, दगडाला तेल लावतात, नारळ फोडतात. तुळजाचा पाय निघेना. येसाजीच म्हणाला, "जा तू. देवाला वरसातनं एकदा तोंड दावायचं, ते बी चुकवतीस व्हय? कोंबड्यांचं मी बघतो."

"पूड पाण्यात घाला. दाणा सांजच्याला."

"ठावं हाय गं."

दिवस मावळताना ती परतली. खोपटात आवाज नव्हता. येसाजी दारात बसला होता, कुबडी आडवी टाकून. आत पत्र्याखाली कोंबड्या पंख पसरून पडल्या होत्या. तिनं एक उचलली. गळ्याखालची दाण्याची पिशवी हाताला टच्च लागली.

"दाणा घातलासा?"

"मग? औषध हाय ते. उपाशीपोटी कसं द्यायचं?" येसाजी कळवळून म्हणाला. "खाईनात बिचाऱ्या. गुळाचं पाणी शिंपडलं, पूड दाण्यातच कालवली, तवा खाल्लं. दुपारभर पाणी मारत होतो पत्र्यावर, ह्या पायानं. कुठं चुकलं, कळंना बघ."

तुळजाच्या ओठावर शिवी आली होती. ती तिनं गिळली. कारण उपाशीपोटी औषध घेऊ नये, हे त्याला गेली तीन वर्षं रोज सांजेला कोण सांगत होतं? तीच. पेजेची वाटी पुढं केल्याशिवाय तिनं त्याला कधी गोळी दिली नव्हती. तिनंच पढवलेलं त्यानं इमानानं केलं होतं.

"चुकलं न्हाई कायबी," ती म्हणाली. "ऊनच लई होतं."

कोपऱ्यात अंड्यांवर खुडूक बसलेल्या चार कोंबड्या तेवढ्या जिवंत होत्या. त्या दाण्याला उठल्याच नव्हत्या. येसाजी त्यांच्याकडं बघत राहिला.

परसात खड्डा खणून, मेलेल्या कोंबड्या पुरून ती आत आली. हातपाय धुतले, पेज गरम केली आणि रोजच्यासारखी वाटी त्याच्यापुढं ठेवली.

"आधी पेज घ्या, मग गोळी. उपाशीपोटी..."

बोलता बोलता ती थांबली. येसाजीनं वर पाहिलं, मग दाराबाहेर खोपटाकडं. कुठं चुकलं, ते त्याला कळलं. त्यानं वाटी हातानं बाजूला सारली.

"गोळी दे तशीच."

"अहो, पोटात आग पडंल."

"पडू दे. तू गोव्याला गेलीस म्हंजे पेज कोण करून देणार हाय? सवय करायला पायजे."

त्यानं गोळी घोटभर पाण्याबरोबर गिळली. तुळजा पेजेची वाटी हातात धरून तिथंच बसून राहिली.