बैलजोडी देऊन घेतलेली मोटार

मी बैलजोडी देऊन मोटार घेतली, आणि ती मोटार त्याच बैलजोडीने ओढत माझ्या दारात आणून सोडली. काम आटोपल्यावर बैल आपल्या नव्या मालकाच्या घरी परत गेले. जाता जाता डावीकडच्या बैलाने मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

ही गोष्ट मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली त्या सुमाराची. आमचं गाव मूलकडचं, चांदा जिल्ह्यातलं. आसपासच्या गावांतले मालगुजार तेव्हा घरातल्या जड वस्तू काढून टाकायच्या मागे लागले होते. शेजारगावच्या मालगुजारांनी आधी मोठा पलंग विकला, मग बंदूक विकली आणि शेवटी गोठ्यात उभ्या असलेल्या मोटारीपाशी मला नेऊन म्हणाले, "पाहा. चांगली हाय. मी सोताच्या हातानं दुरुस्त करत आलो."

मोटारीबद्दल एवढं एक वाक्य जरी नीट ऐकलं असतं, तरी मी सुखी झालो असतो.

"अन् हॉर्न तेवढा वाजवू नोका," ते म्हणाले.

"काऊन?"

"तिले आवडत नाई."

मोटारीलाही आवडनिवड असते हे ऐकून मी उलट खूष झालो. (तेव्हा माझं वय पंचविशीच्या आतलं होतं. बाहेरचं असतं तरी फरक पडला नसता.)

आता बैलांबद्दल सांगायला हवं. ते बैल माझे नव्हते. माझ्या सासऱ्यांनी लग्नात यमुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, ते आंदण दिले होते. नांगराची जोडी घरात वेगळी होती. ही फक्त दमणीला, म्हणजे माणसं न्यायच्या हलक्या गाडीला, जुंपायची. पांढरीशुभ्र, शिंगाला शिंग जुळणारी. यमुना याच जोडीच्या दमणीत बसून आमच्या घरी आली होती. सौदा झाला त्या सकाळी ती मोहफुलं वेचायला गेली होती. परत आली तेव्हा गोठ्यात बैलांच्या जागी मोटार उभी.

डोक्यावरची टोपली न उतरवताच तिने विचारलं, "हे काय होय?"

"मोटार."

"ते दिसून राह्यलं. माहे बैल कुठी गेले?"

मी म्हणालो, "आता दमणीत बसायची गरज नाई तुले. मोटारीत बसून माहेरी जाशीन."

"असं काय," ती म्हणाली. टोपली उतरवली, मोहफुलं अंगणात वाळत घातली आणि दुसऱ्या दिवशी माहेरी गेली. पायी.

पंधरवड्याने सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा, निरोप घेऊन त्यांच्या गावचा माणूस आला. मामाजींनी निरोप त्याच्याकडून पाठ करून घेतला असावा, कारण तो डोळे मिटून बोलला. "पोरगी बैलाईनं नेली होती. ते बैल तुमाले नको झाले, तं आता तिले मोटारीनंच न्या. मोटार आपल्या पायानं आमच्या दारात आली पाह्यजे. बैल लावून आनलेली चालनार नाई. पोळ्याच्या दिवशी या. नाई आले तं पोरगी इथीच राहीन." एवढं म्हणून त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

पोळ्याचा दिवस का, हे माझ्या आईला लगेच कळलं. "तुहा सासरा हुशार हाय रे," ती म्हणाली. "त्या दिवशी कोनी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाई. तू गावाच्या शिवेपर्यंत बैल लावून नेशीन अन् पुढं ढकलशीन, हे त्याले समजलं." माझा बेत अगदी हाच होता.

मग मी गंगारामला गाठलं. गंगारामचं मूलला सायकलचं दुकान होतं आणि आमच्या टापूत यंत्राला हात लावणारा तो एकटाच. मोटारीला त्याने कधी हात लावला नव्हता, पण त्याचा हिशोब सरळ होता. "घाबरू नोको, भाऊ. चार चाकं म्हनजे दोन सायकली."

त्या दोन सायकली आम्ही उघडायला घेतल्या आणि मालगुजारांनी स्वतःच्या हाताने केलेली दुरुस्ती एकेक करून बाहेर येऊ लागली. ब्रेकच्या सळीच्या जागी बांबू होता. चांगला भरीव बांबू, तेल पाजलेला. (मालगुजारांच्या जंगलातला असणार, मालाबद्दल तक्रार नव्हती.) पेट्रोलच्या टाकीला भोक होतं, त्यावर धावड्याचा डिंक. गादी दाबली तर तीतून सावरीचा कापूस आणि तीन उंदीर बाहेर पडले. उंदरांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांची परवानगी न घेता आम्ही त्यांच्या घरात शिरलो होतो. सगळीकडे वंगण म्हणून एरंडीचं तेल घातलेलं, बैलगाडीच्या आसाला घालतात तसं. मालगुजारांनी मोटार ही आयुष्यभर एक हट्टी बैलगाडी म्हणूनच वागवली होती.

पुढे पाणी घालायची टाकी गळत होती. तिच्यात त्यांनी हळद आणि तांदळाचं पीठ ओतून भोकं बुजवली होती. आम्ही पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा ते तापलं, झाकण उडालं आणि अंगणभर कढीचा वास सुटला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोनाच्या घरी ऊतू गेली?"

"आपल्याच," मी म्हणालो.

टायर उघडल्यावर मात्र गंगाराम मटकन खाली बसला. आत ट्यूब नव्हती. धानाचं तणस होतं, भाताचा सुका पेंढा. चारही चाकांत ठेचून ठेचून भरलेलं. लढाईच्या काळात ट्यूब मिळत नव्हत्या, तेव्हा मालगुजारांना ही युक्ती सुचली होती, आणि पुढे ट्यूब मिळू लागल्या तरी तणस तर घरचंच होतं.

"भाऊ," गंगाराम म्हणाला, "हे गाडी इकत घेतली का गोठा?"

चांद्याला जाऊन मी जुन्या ट्यूब शोधल्या. तीन मिळाल्या. चौथ्या चाकात, मागच्या डाव्या, आम्ही तणस तसंच राहू दिलं. गंगारामचं म्हणणं, तीन चाकं जिकडे जातील तिकडे चौथं जाईलच, त्याला दुसरा रस्ता काय आहे?

हॉर्नचं कोडंही उलगडलं. हॉर्नची तार आणि इंजिनची तार मालगुजारांनी एकाच खिळ्याला गुंडाळली होती. हॉर्न वाजवला, की तो अर्धा वाजायचा आणि इंजिन बंद पडायचं. आम्ही तारा वेगळ्या केल्या, तर इंजिन सुरूच होईना. पुन्हा खिळ्याला गुंडाळल्या, झालं सुरू. बंद पडलेलं तापलं इंजिन मात्र चांगलं थंड झाल्याशिवाय कितीही हँडल मारलं तरी दाद देत नसे. तेव्हा आम्ही ठरवलं, की हॉर्न वाजवायचा नाही. खेड्यात आवाज द्यायला तोंड आहे.

पोळ्याच्या आधी चार दिवस पावसाने उघडीप दिली. रस्ता वाळला. पोळ्याच्या दिवशी दुपारी मी धुतलेलं धोतर, कोट आणि टोपी घालून मोटारीत बसलो. गंगारामने हँडल मारलं आणि मोटार निघाली. खरंच निघाली. सासरवाडी दोन कोस. वाटेत साजाची झाडं, नाला, एक चढ, सगळं आम्ही पार केलं. मोटारीतून कढीचा मंद वास येत होता आणि मी यमुनेला काय म्हणायचं ते मनाशी जुळवत होतो. 'बस' एवढंच म्हणायचं ठरलं. जास्त बोललं की मी घसरतो.

गावात शिरलो तो समोर पोळा भरलेला. रस्त्यावर दोन खांब पुरून आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं आणि तोरणाच्या अलीकडे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, झूल घातलेले, शिंगं रंगवलेले बैल ओळीने उभे. आमच्याकडची रीत अशी, की गावच्या पाटलाने खूण केली की तोरण तोडायचं. तोरण तुटलं की पोळा फुटला. मग जो तो आपले बैल घेऊन घराकडे पळतो. पाटील अजून यायचे होते.

तोरणाच्या पलीकडे चौथं घर सासऱ्यांचं. ओट्यावर मामाजी उभे, दारात यमुना. मला वाटलं, मोटार तोरणाखालून सहज जाईल. मोटार गेली असती. तिच्या टपावर मी सासूबाईंसाठी घेतलेला कोहळा बांधला होता, तो गेला नाही.

तोरण तटकन तुटलं.

"फुटला, पोळा फुटला!" कोणीतरी ओरडलं. मग कोण थांबतो? पाटलांवाचून पोळा फुटला आणि सगळे बैल एकदम सुटले. त्याच गडबडीत माझं मागचं डावं चाक खांबाच्या बुडाला घासलं, टायर उभा फाटला आणि तणस बाहेर लोंबू लागलं. सकाळपासून पुरणपोळी खाऊन कंटाळलेल्या बैलांना घरचं जेवण दिसलं.

गंगारामने मागे पाहिलं. "भाऊ," तो शांतपणे म्हणाला, "मागं पोळा येऊन राह्यला."

मी वेग वाढवला. तणस आणखी बाहेर आलं. आणखी बैल आले. एकाने चालत्या चाकातून घास ओढला. दुसरा वळसा घालून पुढे आला आणि मोटारीसमोर आडवा उभा राहिला, शिंगांना फुगे बांधलेला. मी ब्रेक दाबला. (बांबू मी बदलला होता, ब्रेक लागला.) बैल हलेना. मामाजींचं दार दोन घरांवर होतं. यमुना पायरी उतरून पुढे आली होती. माणूस अशा वेळी काय करतो?

मी हॉर्न वाजवला.

तो अर्धा वाजला. इंजिन बंद पडलं. बैल बाजूला झाला.

त्यानंतरच्या शांततेत फक्त तणस चावल्याचा आवाज येत होता. मामाजी सावकाश चालत आले. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, चाकाशी जेवत असलेल्या बैलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, मोटारीले चारा घालून आनला काय?"

"मामाजी, आली ना मोटार. आपल्या पायानं आली."

"दारात आली पाह्यजे, म्हनलं होतं. हे दार गनपतच्या घरचं हाय."

एवढ्यात पाटील आले. आपल्यावाचून पोळा कोणी फोडला, याची चौकशी त्यांनी सुरू केली. सगळ्या गावाने माझ्याकडे बोट दाखवलं. मामाजींचा चेहरा उतरला. पाटील गरजले, "कोनाचा जावई होय हा?" आणि माझे सासरे, सत्यवचनी म्हणून गावभर नाव असलेले, आकाशाकडे पाहू लागले.

गंगारामने हँडल मारमार मारलं. इंजिन ढिम्म. अंधार पडायच्या आत निघायचं तर मोटार ओढायला हवी होती, आणि बैल मागायचा कोणाला? त्या दिवशी गावात बैल मागणं म्हणजे एकादशीला कोंबडी मागणं. मी मोटारीतून उतरलो. टोपी काढली. "जातो मी," म्हणालो. "पाणी तरी देजा."

पाणी यमुनेने आणलं. मी रिकामा केलेला तांब्या तिने परत घेतला. मग वडिलांकडे वळली.

"बाबा, तुमी बैल नाई लावायचा म्हनले होते ना?"

"हो."

"जावई नाई लावायचा, असं काई म्हनले काय?"

मामाजींनी विचार केला. ते न्यायाने चालणारे होते. "नाई," ते म्हणाले, "तसं काई म्हनलं नाई बा."

"मंग आना दोर."

गोठ्यातून जू आलं, दोर आला. त्या जुवात मला एका बाजूला उभं केलं. दुसरी बाजू तोलायला दोरीने मोटारीला बांधली. गंगाराम आणि माझा धाकटा साळा मागून ढकलायला. यमुना पेटी घेऊन मोटारीत, सुकाणूशी बसली. मोटार मामाजींच्या दारात पोचली तेव्हा सासूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. दाराशी आलेल्याचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरणपोळी भरवायची, एवढंच त्या दिवशी त्यांना ठाऊक. त्यांनी माझे पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं आणि पुरणपोळी तोंडापुढे धरली. दोन्ही हात जुवाला होते, म्हणून मी मान पुढे केली आणि खाल्ली. पाटलांना हसू आलं, तेव्हा गाव हसलं. मामाजी म्हणाले, "दारात आली. जा घेऊन."

दोन कोस. वाटेतल्या प्रत्येक गावात पोळा पाहायला जमलेली माणसं माझा पोळा पाहायला वळली. चढावर यमुना वरून म्हणाली, "दमले काय?" मी म्हणालो, "नाई." ती म्हणाली, "मंग चाला."

दिवेलागणीला घरी पोचलो. आईने दारातून पाहिलं. आत गेली आणि लोणी-हळद कालवून घेऊन आली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा असाच लोणी-हळद लावून शेकतात. "हे काल करायचं राह्यते," ती माझा खांदा चोळत म्हणाली, "पन तू कालपर्यंत मानूस होता."

यमुना मोटारीतून उतरली, पेटी ओट्यावर ठेवली, गोठ्यात डोकावली आणि आईला विचारलं, "माय, वेसन कुठी ठेवली?"

आईने सांगितलं असावं. कारण त्या दिवसापासून यमुनेला विचारल्याशिवाय मी काही विकलेलं नाही.