वायपरच्या मोटरीवरचे रणगाडे

आमच्या बाल्कनीत गेली काही वर्षं दोन रणगाडे उभे आहेत. पुठ्ठ्याचेच आहेत, पण त्यांच्यामुळे बायकोला कपडे वाळत घालता येत नाहीत, म्हणून तिच्या लेखी ते खरे. ते तिथे कसे आले हे सांगायचं, तर मला आधी एक कबुली द्यावी लागेल.

सुकापूरला आमच्या समोरच्या फ्लॅटमधली मुलगी युक्रेनमध्ये, खारकीवला, डॉक्टरकी शिकत होती. रशियाचं सैन्य सीमेवर जमल्याच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा एका संध्याकाळी तिचे वडील माझ्याकडे आले. "तुम्ही एवढं वाचता, बघता. पोरीला बोलावून घेऊ का?"

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकांच्या पावत्या फाडतो. युद्धाशी माझा संबंध मोबाइलवर व्हिडिओ बघण्यापुरता. पण कुणी मत विचारलं की माझ्या अंगात काहीतरी संचारतं. ॲटलास उघडून मी त्यांना समजावलं, "थंडी संपत आली. बर्फ वितळला की तिथे गुडघाभर चिखल होतो. चिखलात रणगाडे कोण घालेल? नुसती धमकी आहे. तिचा अभ्यास बुडवू नका." ते इतके निश्चिंत झाले की चहाला न थांबता फोन लावायला गेले.

आठवड्याच्या आत रणगाडे घुसले. मुलगी मेट्रोच्या स्टेशनात, जमिनीखाली अडकली.

तिचे वडील लिफ्टमध्ये भेटतील म्हणून मी पाचव्या मजल्यापासून जिना धरला. तर ते जिन्यातच! पोरगी घरी येईपर्यंत लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही, असा नवस त्यांनी बोलला होता. रोज सकाळी आम्ही दोघे धापा टाकत समोरासमोर. ते विचारत, "आता काय वाटतं?" आणि मी, माफी मागायची सोडून, म्हणत असे, "राजधानी काही पडत नाही बघा. पंधरा दिवसांत आटपेल."

ती कशीबशी सीमा ओलांडून परत आली. गेटवर सगळ्या इमारतीने तिला ओवाळलं. मी वॉचमनच्या केबिनमध्ये पाहुण्यांचं रजिस्टर वाचत बसलो होतो. तिच्या वडिलांनी मला तिथेही शोधून काढलं आणि हातावर पेढा ठेवला. "जिन्यात तुमचा फार आधार होता हो." तो पेढा मी वॉचमनला दिला.

राजधानी खरोखरच पडली नाही. त्यामुळे सोसायटीत मी युद्धाचा जाणकार ठरलो. गणपतीत देखावा युद्धाचा करायचा ठरला आणि तो माझ्या गळ्यात पडला. मी बाजारातून जुन्या ट्रकच्या वायपरची मोटर आणली आणि तिच्या दांड्यावर रणगाडे बसवले. मागच्या नकाशावर आघाडीची लाल फीत टाचण्यांनी लावली. शेवटी दोरीवरून एक कबूतर उडायचं आणि ध्वनिफितीवर माझाच आवाज म्हणायचा, "लवकरच शांतता नांदेल."

विसर्जनानंतर रणगाडे पुढच्या वर्षासाठी आमच्या बाल्कनीत आले. दुसऱ्या वर्षी फीत चार बोटं सरकवली. तिसऱ्या वर्षी एक बोट. त्यानंतर मी नुसत्याच टाचण्या काढून पुन्हा लावल्या. कबूतर दर वर्षी उडालं.

सोसायटीचे अध्यक्ष इथलेच, आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे. त्यांना हे पटत नव्हतं. "आवो, लोक उभे रातात ते शेवट बघाला. तुमचा रणगाडा पुढं जातो नि मागं येतो, पुढं जातो नि मागं येतो. जिकतो कोन ते सांगा ना!"

"वायपरच्या मोटरीला तेवढंच येतं," मी म्हणे.

"मंग दुसरी मोटर आना!"

मला विचाराल तर मोटर बरोबर होती. ज्याने घुसखोरी केली त्याला तो देश गिळता येत नाही, आणि ज्याचं घर आहे त्याला घुसखोराला पुरतं हुसकावता येत नाही. कुणीतरी एक दिवस दमून कागदावर रेघ मारेल आणि ती दोघांनाही मान्य नसेल. पण हे मोठ्याने बोलायची माझी छाती नव्हती. माझ्या एका अंदाजाने एक मुलगी जमिनीखाली बसली होती.

यंदा ती मुलगी उरलेलं शिक्षण जॉर्जियात संपवून, डॉक्टर होऊन आली. गणपतीच्या आदल्या दुपारी मी मंडपात मोटरीला तेल घालत होतो. ती येऊन उभी राहिली. मी तेलाचे हात पाठीमागे लपवले आणि म्हणालो, "अगं, तुला एक सांगायचं राहिलंय. तेव्हा तुझ्या बाबांना मी..."

"चिखल ना?"

मी खाली वाकून तेलाच्या डब्याचं झाकण लावू लागलो.

"बाबांनी फोनवर सगळं सांगितलं होतं. स्टेशनात वर धडाम झालं की माझी रूममेट म्हणायची, तुझ्या चिखलवाल्या काकांना फोन लाव, चिखल कधी होतोय विचार. जाम हसायचो आम्ही." मग तिचं हसू थांबलं. "पण मी चिडले होते काका तुमच्यावर. खूप. अजून आहे थोडी."

"थोडी?"

"जास्त विचारू नका."

मी मोटर सुरू केली, दुसरं काय करणार. रणगाडे पुढे गेले, मागे आले. ती बराच वेळ बघत राहिली. "हे बरोबर आहे," ती म्हणाली. "आमच्या होस्टेलच्या वॉर्डनबाई अजून तिथेच आहेत. खिडकीची काच फुटते, त्या नवी बसवतात. परत फुटते, परत बसवतात. कोण जिंकणार विचारलं तर म्हणतात, मी इथून जाणार नाही, मला एवढंच माहीत आहे." मग तिने वर पाहिलं. "आणि हे कबूतर कोणाची आयडिया?"

"माझी."

"काढा."

मी स्टुलावर चढून कबूतर काढलं. तेवढ्यात अध्यक्ष आले. "आरं, आता कबूतर पन नाय? मंग शेवट काय?"

"शेवट अजून झालेला नाही," मी म्हणालो. "तेच सांगू या. नवीन आवाज भरतो."

"आनि पुढच्या वर्सी?"

"संपेपर्यंत हाच देखावा," ती म्हणाली. "आणि संपेपर्यंत रणगाडे काकांच्या बाल्कनीत. ही त्यांची शिक्षा." ती हसत होती, पण गंमत करत नव्हती.

विसर्जनानंतर रणगाडे परत वर आणले. बायको कपड्यांची बादली घेऊन दारात उभी. "अजून किती दिवस?"

जिभेवर आलेले पंधरा दिवस मी गिळले.

"मला माहीत नाही," म्हणालो, आणि तिच्या हातातली बादली घेऊन कपडे वाळत घालायला गच्चीवर निघालो. जिन्याने.