एक घोट पाणी तोंडात धरा

मी जिथं शिकवतो त्या नर्सिंग कॉलेजात, प्रॅक्टिकलच्या हॉलमध्ये, प्लास्टिकचा एक पुतळा आहे. त्याला इंजेक्शन देता येतं, नाकातून नळी घालता येते, पण त्याला पाणी गिळता येत नाही. आणि थायरॉईड तपासायला तर गिळणारा माणूस लागतो. पेशंटच्या मागं उभं राहायचं, दोन्ही हातांची बोटं गळ्यावर ठेवायची आणि म्हणायचं, एक घोट पाणी तोंडात धरा, हं, आता गिळा. ग्रंथी बोटांखालून वर सरकते आणि खाली येते. म्हणून दर वर्षी त्या खुर्चीत मीच बसतो. पन्नाशीचा, बारीक मानेचा मास्तर.

यंदा श्रीरामपूरकडच्या एका मुलीची बोटं उजव्या बाजूला थांबली.

"सर, परत गिळा."

मी गिळलं.

"अजून एकदा?"

"अगं, तहान भागली माझी." वर्ग हसला. ती हसली नाही.

"सर, इथं कायतरी वाटाण्यागत लागतंय. गिळलं की वर जातंय."

मग सोनोग्राफी झाली, सुईनं पेशी काढल्या, आणि रिपोर्ट आला. कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नका, हा चांगल्यातला आहे. ऑपरेशन, मग रोजची गोळी." हे वाक्य मी स्वतः वॉर्डात कितीतरी जणांना ऐकवलंय. ऐकून ते मान हलवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. का, ते आता कळलं. चांगल्यातला म्हटलं की माणसाला घाबरायची सोयच उरत नाही.

आता ऑपरेशन होऊन गेलंय, गळ्यावर आडवी रेघ आहे, म्हणून लिहून टाकतो. मी घाबरलोच नव्हतो. मला कुतूहल वाटत होतं. केडगावला घरी येताना सिग्नलला गाडी थांबली की मी थुंकी गिळून बघायचो. सरकली का? आजही तेवढीच आहे का? इतकी वर्षं फळ्यावर काढलेली गोष्ट माझ्याच गळ्यात होती, आणि माझ्या डोक्यातून तिचा विषय जात नव्हता.

ऑपरेशनच्या आधी मी अख्ख्या वर्गाला बोलावलं. एवढी स्पष्ट गाठ शिकताना सगळ्यांच्या हाताखाली येत नाही. एकेक मुलगी मागं उभी राहिली, मी गिळत गेलो आणि विचारत गेलो, "काय लागलं?" कुणी वाटाणा म्हणालं, कुणी हरभरा. एकजण म्हणाली, "लई भारी कळतंय, सर," आणि तिनं जीभ चावली. तास फार चांगला झाला.

घरी बायकोला मात्र मी काहीच सांगितलं नव्हतं. त्या खुर्चीत मी सर होतो. घरी सांगितलं असतं तर पेशंट झालो असतो.

त्याच वर्गातली एक मुलगी तिला केडगावच्या भाजीबाजारात भेटली. "काकू, सरांचं ऑपरेशन कधी? आम्ही सगळ्यांनी गाठ बघितलीय, घाबरू नका हं."

बायको घरी आली. भाजीची पिशवी तिनं ओट्यावर तशीच ठेवली. तिचं माहेर कोपरगावकडचं, शेतकऱ्याचं. एरवी ती माझ्यासारखंच बोलते, पण चिडली की तिला माहेरची बोली आठवते.

"किती पोरींनी हात लावला?"

"वर्गानं."

"आन् मला कवा सांगनार हुता? सही कराया कुनीतरी लागतंय, तवा?"

"तुला भीती वाटली असती."

"वाटू द्यायची की! माजी भीती तुमी कशापायी वाचवून ठिवली?"

मी म्हणालो, "मला भीती वाटत नव्हती. मला फक्त बघायचं होतं, काय आहे ते."

माठातून फुलपात्र भरून तिनं माझ्या हातात दिलं.

"बसा."

मी माठाशेजारच्या स्टुलावर बसलो. ती समोर उभी राहिली.

"मागं उभं राहायचं असतं," सवयीनं माझ्या तोंडून गेलं.

"मागं तुमच्या पोरी हुब्या ऱ्हायल्या. मी तोंड बघनार."

तिची बोटं फार वर होती, जबड्याखाली. मी तिचं मनगट धरून हात खाली आणला, उजवीकडं. घोट घेतला आणि तिच्या डोळ्यांत बघत गिळला. पाणी तेच, गाठ तीच, पण या वेळी घोट खाली जाईना. मधेच अडला, आणि तो अडलेला तिच्या बोटांना कळला असणार.

"काय लागलं?" मी विचारलं.

"परत गिळा," ती म्हणाली.

मी गिळलं. परत गिळलं. फुलपात्र रिकामं झालं तेव्हा गळ्यावरचा हात तसाच ठेवून तिनं दुसरा हात माठाकडं लांबवला.