पाणी बारीक येतं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत, दुकानात बोलतो तसे.

मालेगावच्या स्टँडजवळ दिलीपभाऊंचं दुकान आहे, मी तिथं कामाला असतो. सुटे भाग आणून आम्ही घरगुती आरओ मशीन जोडून देतो. मशीनच्या आधी एक भांडं बसवतो, त्यात दोऱ्याची पांढरी कँडल असते. तोच प्री-फिल्टर. बोअरचा गाळ आधी त्यात अडकतो. आमच्या डोक्यात किस्से तसेच अडकतात. कँडल बदलता येते, किस्से कुठे नेऊन टाकायचे?

मी ते कविताला सांगायचो. ती आईबरोबर राहते, घरीच ब्लाऊज शिवते. त्यांच्याकडून सारखा फोन यायचा, "पाणी बारीक येऊन राह्यलं." मग मी जायचो. काम झाल्यावर मशीनची टाकी भरेपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्या वेळात तिला एक गोष्ट विचारायची, असं मी दर वेळी ठरवून जायचो. ती तोंडातून निघायची नाही. किस्सा निघायचा.

*

कारंज्याचे एक शेठ. पाणी येत नाही म्हणून त्यांचा फोन आला. दिलीपभाऊंनी फोनवर सांगितलं, "शेठ, उंची वाढवा, प्रेशर वाढते."

दोन दिवसांनी आम्ही गेलो, तर मशीन पार स्लॅबला टेकलेलं. शेठाणीबाई स्टुलावर चढून ग्लास भरत होत्या.

"शेठ, गच्चीवरची टाकी वर न्यायची होती. मशीन नाही."

"मंग फोनवर नीट सांगाव नं. मिस्त्रीनं भिंतीले किती भोकं पाडली पाहा."

मी मशीन उतरवायला लागलो. शेठाणीबाईंनी वरूनच मला थांबवलं. "राहू दे बापू वरच. पाहुणे पाणी मागनं बंद झाले."

कविता म्हणाली, "त्या बाईचं ब्लाऊज मी फुकट शिवून देईन."

*

एका गावच्या काकूंना आम्ही सांगून आलो होतो की कँडल मातकट झाली की बदलायची. काकूंना फेकायचं जिवावर आलं. त्यांनी ती ब्रशनं घासली, लुगड्यांच्या मधोमध दोरीवर वाळत घातली आणि परत बसवली.

मग फोन आला. पाण्याला फेस येतो.

"काकू, कशानं धुतली?"

"कपड्याच्या पावडरनं. पण दोन पाण्यातून काढली मी."

"आन् पेता हे पाणी?"

"मी नाही पेत बाप्पा. सून पेते. ते म्हणते वास चांगला आहे."

हा किस्सा सांगितला तेव्हा कविताच्या तोंडात टाचण्या होत्या. हसू आलं तशा तिनं त्या हातावर काढून घेतल्या. मी त्या हाताकडेच बघत राहिलो. टाकी भरून गेली होती.

*

त्याच गावात एक काका आहेत. त्यांच्या भांड्यात कँडलच नव्हती.

"काका, कँडल कुठं गेली?"

"देली फेकून. लय घाण होती ते. पाहून पाणी पेवाची इच्छा होये ना."

दिलीपभाऊंनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "चहा ठेवा, काका."

*

हा माझा स्वतःचा आहे. पोहरादेवीला यात्रेची गर्दी होती आणि एका चहावाल्याचं मशीन बंद पडलं. दिलीपभाऊंनी मला पुढे पाठवलं. मी नवी कँडल घातली, भांडं आवळलं, बटण दाबलं. थेंब नाही. पंप बदलला, तरी नाही. गिऱ्हाईक खोळंबलं, मला घाम फुटला.

मागून दिलीपभाऊ आले. त्यांनी भांडं उघडलं, कँडल काढली आणि तिच्यावरचं प्लास्टिक सोलून माझ्या हातात दिलं. मी ते काढलंच नव्हतं. त्यातून पाणी जाणार कसं?

चहावाला म्हणाला, "भाऊ, तुमचं पोट्टं बी अजून पॅकिंगमधीच आहे वाट्टे."

सगळं हॉटेल हसलं. कविता हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. कापडावर खडूनं रेघ ओढत म्हणाली, "काही खोटं नाही बोलला तो."

मग तिनं सांगितलं, रविवारी रिसोडचे पाहुणे येणार आहेत, तिला पाहायला.

मी म्हणालो, "टाकी भरली."

*

शेवटचा किस्सा तिच्याच घरचा.

त्याच आठवड्यात पुन्हा फोन आला, पाणी बारीक येतं. कँडल बदलताना आधी ओट्याखालचा पाण्याचा कॉक बंद करावा लागतो आणि बदलल्यावर पूर्ण उघडावा लागतो. मी दर वेळी तसंच करायचो. पाणी जोरात यायचं आणि मला वाटायचं, कँडलनं काम केलं. काढलेल्या कँडल दुकानात आणून ठेवल्या होत्या. दिलीपभाऊंनी त्यातली एक उचलून उजेडात धरली.

"हे तं पांढरी फक्क आहे. काहून बदलली?"

"प्रेशर येत नव्हतं."

"चाल, मी बी येतो."

तिथं त्यांनी मशीनला हातच लावला नाही. पाईपवरून बोट फिरवत ते ओट्याखाली वाकले. कॉक अर्धा बंद होता. त्यांनी तो दोन बोटांनी फिरवला, आणि पाण्याचा आवाज बदलला.

"मावशी, हे कोण फिरवते?"

"आमी कायले हात लावतो त्याले?" कविताची आई म्हणाली. "उंदीर गिंदीर असन."

"उंदराले बराबर अर्धा फिरवता येते?"

कविताचं शिलाई मशीन एकदम जोरात सुरू झालं. मी तिकडे पाहिलं. सुईखाली कापड नव्हतं.

दुकानासमोर गाडीवरून उतरल्यावर दिलीपभाऊ म्हणाले, "उद्या दुकानात येऊ नोको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला शर्ट घातला आणि तिच्या घरी गेलो. पाना, पिशवी काही घेतलं नाही. दार तिच्या आईनं उघडलं.

"पाणी तं आता चांगलं येऊन राह्यलं, बाबू. फोन कोणी केला?"

"कोणी नाही केला, मावशी. मले तुमच्याशीच बोलाचं आहे," मी म्हणालो, आणि त्या घरात पहिल्यांदाच खुर्चीवर बसलो.