एकोपा मंडळाचं दार

न्यू श्टाडेमध्ये अर्विन स्टबेंडिकला तोंडावर कुणी हसत नसे. आपण हसण्याजोगं काही करतो असं त्याला स्वतःला कधी वाटलंच नाही, आणि अशा माणसाला हसण्यात मजा नसते.

नेब्रास्कातल्या त्या मक्याच्या गावात तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, रविवारी ल्युथरन चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा, आणि दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी छातीवर निळी पट्टी आडवी घालून एकोपा मंडळाच्या सभागृहाचं दार राखायचा. हे मंडळ गावाच्या पणजोबांनी जर्मनीहून आल्या आल्या काढलेलं. कुणी मेला तर त्याला नीट पुरावं, त्याच्या विधवेकडे सरपण पोचवावं, आणि उरलेल्या वेळात बिअर प्यावी, एवढाच मूळ हेतू. पण बंधुमंडळ म्हटलं की गुप्त बैठक आली, गुप्त बैठक म्हटली की परवलीचा शब्द आला, आणि शब्द आला म्हणजे तो विचारायला दारात कुणीतरी उभं राहणं आलं. अर्विन उभा राहिला की दार दिसेनासं व्हायचं, म्हणून ते काम त्याला मिळालं. “कुणी दुसरा मिळेपर्यंत सांभाळ रे,” असं तेव्हाच्या अध्यक्षाने सांगितलं होतं. ते अध्यक्ष गेले, अर्विनची नातवंडं शाळेत जायला लागली, दुसरा काही कुणी मिळाला नाही.

नियम सोपा होता. अध्यक्षाने हातोडी आपटली की बाहेर खुशाल जावं, आत येताना मात्र परवली सांगावी. एकदा ऐन जानेवारीत अर्विनचा सख्खा भाऊ मिल्टन लघवीला म्हणून बाहेर गेला आणि परत येऊन दार ठोठावू लागला.

“कोण?”

“तुझा भाऊ.”

“ते मला माहीत आहे. परवली?”

“अर्विन, गारठून मरतोय मी.”

“थंडीचं मी विचारलं नाही.”

मिल्टनला शब्द आठवेना. शेवटी तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आला. पुढच्या महिन्यात अर्विनने ठराव मांडला, की खिडकीलाही कडी असावी. अनुमोदन मिल्टनने दिलं, कारण खिडकीत त्याची विजार फाटली होती.

आता तो शब्द. जर्मन भाषेत ‘आइनिगकाइट माख्ट श्टार्क’ म्हणजे आपलं ‘एकी हेच बळ’. पण पहिल्या महायुद्धात गावात जर्मन बोलणं धोक्याचं झालं. मास्तर बदलले, दुकानांच्या पाट्या बदलल्या, आज्यांनी नातवंडांशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. भाषा गेली, परवली राहिली. अर्थ माहीत नसलेला शब्द कानाकानातून जाताना झिजतोच; त्या ‘श्टार्क’चा ‘श्टॉर्क’ झाला, आणि स्टॉर्क म्हणजे इंग्रजीत करकोचा. आपल्याकडे ‘एकी हेच बळ’चं ‘एकी हाच बगळा’ व्हावं, तसं झालं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. मंडळाच्या मखमली झेंड्यावर बायकांनी लांब चोचीचा करकोचा भरला. जर्मन मेळ्याच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर लाकडी करकोचा निघू लागला. करकोच्याचा एक नाचही होता, एका पायावर, ॲकॉर्डियनच्या तालावर. पूर्वज असाच नाचत, असं सगळे खात्रीने सांगत.

मंडळाला शंभर वर्षं झाली तेव्हा अध्यक्ष डेल्मर रोल्फ्स याने घाट मोठा घातला. हा डेल्मर मक्याचं बियाणं विकायचा आणि सगळ्याच गोष्टी बियाण्यासारख्या फुगवून सांगायचा. पूर्वजांच्या मूळ गावाहून त्याने पाहुणा बोलावला: निवृत्त मुख्याध्यापक डॉक्टर फोल्कर हिन्रिक्स. या गृहस्थांनी आयुष्यभर जर्मन व्याकरण शिकवलं होतं. त्यांना मानद सभासदत्व द्यायचं ठरलं. विमानतळावरून आणताना डेल्मरने गाडीत त्यांच्या कानात परवली सांगितली. डॉक्टरांनी ती ऐकली आणि मनातल्या मनात दुरुस्त करून घेतली.

मेळ्याच्या शनिवारी दुपारी हातोडी पडली, बैठक सुरू झाली. बाहेर हिरवळीवर सॉसेज भाजत होते, बिअरची पिंपं उघडली होती, सगळा तालुका लोटला होता. डॉक्टर हिन्रिक्स पायऱ्या चढून आले आणि त्यांनी दारावर टकटक केली. अर्विनने झरोका उघडला.

“परवली?”

“आइनिगकाइट माख्ट श्टार्क,” डॉक्टर स्वच्छ म्हणाले.

“चूक.”

“क्षमा करा?”

“शेवटचा शब्द चूक आहे.”

“महाशय, तो शब्द माझ्या मातृभाषेतला आहे.”

“असेल. पण दार आमच्या मंडळाचं आहे,” अर्विन म्हणाला आणि त्याने झरोका लावून घेतला.

हे ऐकून डेल्मरला घाम फुटला. तो घाईघाईने बाहेर गेला, पाहुण्यांना चुचकारू लागला. डॉक्टरांनी त्याला पायरीवर उभं करून शब्दाची फोड करून सांगितली: हा म्हणजे बळकट, तो म्हणजे पक्षी, आणि जर्मनमध्ये तर तो पक्षीही नीटसा होत नाही. डेल्मर बीटासारखा लाल झाला. मग त्याने दार ठोठावलं.

“परवली?”

शेजारी डॉक्टर उभे, कान टवकारलेले. त्यांच्यादेखत करकोचा म्हणायचं? डेल्मर खाकरला आणि म्हणाला, “श्टार्क.”

“चूक.”

“अर्विन, अरे मी अध्यक्ष आहे!”

“म्हणून तर तुला येत असायला पाहिजे.”

डेल्मरला सोडवायला चिटणीस बाहेर गेला. त्यालाही पायरीवर धडा मिळाला आणि तोही अडकला. त्याच्यामागून खजिनदार, मग उपाध्यक्ष, मग एकेक करत सगळं मंडळ. जो तो भांडण मिटवायला जाई आणि शहाणा होऊन बाहेर राही. त्या जानेवारीनंतर मिल्टनने मात्र करकोच्याचा शब्द पाठ करून ठेवला होता.

“मी म्हणतो की,” तो हिरवळीवरून ओरडला, “पण बिअर इकडे आहे!”

आत उरले दोघे. अर्विन आणि आर्नो ओल्टमान. आर्नो मंडळाचा सर्वांत जुना सभासद, जवळजवळ ठार बहिरा. बैठक चालू आहे अशा समजुतीने तो पहिल्या रांगेत बसून अधूनमधून मान डोलावत होता. अर्विनने रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. आपलं काही चुकलं असं त्याला वाटेना. पण बाहेर सगळे हसत होते, आणि आपण कुणासाठी दार धरून उभे आहोत हे काही केल्या त्याला सांगता येईना. भूकही सपाटून लागली होती.

त्याची बायको अल्मा खिडकीशी आली. “अर्विन, किती वेळ उभा राहणार आहेस?”

“बैठक संपेपर्यंत.”

“कसली बैठक? माणसं सगळी बाहेर. येऊन दोन घास खाऊन जा, सॉसेज गार होतायत.”

नियमाप्रमाणे बाहेर जायला हरकत नव्हती. अर्विनने खुणा करून आर्नोला दार राखायला सांगितलं आणि निळी पट्टी त्याच्या गळ्यात घातली. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. आजवर त्याला मंडळात कुणी काही काम दिलंच नव्हतं.

दोन सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड खाऊन अर्विन परतला. त्याने दार हादरवलं तसा झरोका उघडला.

“परवली?” आर्नो गरजला.

अर्विन झरोक्याला तोंड लावून पुटपुटला.

“काय?”

पुन्हा पुटपुटला.

“मोठ्याने बोल की! काय बायकी पुटपुटतोस!”

पण परवली मोठ्याने कशी सांगणार? हिरवळीवर दुसऱ्या चर्चचे मेथडिस्ट होते. दोन-चार कॅथलिकही होते. गेला तासभर सगळी गर्दी त्याच शब्दाचा कीस पाडत होती, ही गोष्ट वेगळी. अर्विनने कुणाला सांगितला नव्हता. आर्नोने झरोका लावला आणि कडी घातली.

थोड्या वेळाने आतून हातोडीचा आवाज आला. ॲकॉर्डियन थांबलं. सगळे खिडक्यांपाशी जमले.

“ठराव पहिला!” आर्नो रिकाम्या खुर्च्यांना सांगत होता. “नवा अध्यक्ष म्हणून आर्नो ओल्टमानचं नाव सुचवतो. अनुमोदन? मी देतो. विरोध? कुणाचाच नाही.” ठक्. “ठराव दुसरा! बटाट्याच्या सॅलडमध्ये व्हिनेगर कमी.” ठक्. “ठराव तिसरा! दारावर कुणी नाही, मी इकडे बसलोय, तरी कुणी आत घुसलं नाही. म्हणजे राखणदाराची गरज नाही. पद रद्द.” ठक्.

“याला काय अर्थ आहे!” डेल्मर ओरडला.

डॉक्टर हिन्रिक्स यांनी मंडळाची सनद मागवली, चष्मा लावला आणि ती पायरीवर बसून शेवटपर्यंत वाचली. “किमान किती सभासद हजर हवेत, याचं कलमच यात नाही,” ते म्हणाले. “ठराव पूर्णपणे वैध आहेत.” जर्मन माणसाने नियम सांगितल्यावर काय बोलणार? सगळ्यांनी टोप्या काढल्या.

निघताना डॉक्टर अर्विनपाशी आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. “इतकी शिस्त आमच्याकडेसुद्धा आता उरलेली नाही,” ते म्हणाले. सभासदत्व त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही, पण ते अतिशय खूश होऊन गेले.

अर्विन मात्र खचला. घरी कुणी दार वाजवलं तरी उठेना. “तूच बघ, मी आता कुणी नाही,” असं अल्माला म्हणायचा.

पुढच्या महिन्यातला मंगळवार आला. अल्माने त्याला जवळजवळ ढकलूनच नेलं. दार सताड उघडं होतं, दाराला वीट लावलेली. आयुष्यात पहिल्यांदा अर्विन आत खुर्चीवर बसला, बैठकीकडे तोंड करून. आजवर त्याची सगळ्या बैठकांकडे पाठ असायची. विषय निघाला छपराच्या पन्हळीचा. पन्हळ पत्र्याची असावी की प्लॅस्टिकची, यावर डेल्मर बोलला, चिटणीस बोलला, मिल्टन बोलला, आणि आर्नोने सगळ्यांना “काय?” विचारलं म्हणून सगळे पुन्हा एकदा बोलले. मग निर्णय पुढच्या महिन्यावर गेला.

अर्विन शेजारच्याच्या कानाला लागला. “नेहमी असंच असतं?”

“आज बरंच रंगलंय,” शेजारचा म्हणाला.

अर्विन हळूच उठला. कुणी अडवलं नाही. मागे स्वयंपाकघरात बायका पुढच्या रविवारच्या जेवणाची तयारी करत होत्या आणि कुणाच्यातरी नवऱ्याची नक्कल चालली होती. त्याला बघून ती थांबली, त्यावरून ती कुणाची होती ते कळलं. अल्माने पायाने एक स्टूल त्याच्याकडे सरकवलं, हातात सुरी दिली आणि बटाट्यांची परात पुढे केली.

“ती खिडकी उघड गं,” अर्विन बसत म्हणाला, “फार उकडतंय.”

“साल जाड काढू नकोस,” अल्मा म्हणाली, आणि नक्कल जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली.