सर्वणच्या घरात कोण राहतं

विनोदिनीबाई आयुष्यात एकदाच सरकारशी खोटं बोलल्या, आणि तेही चतुर्थीच्या चौथ्या दिवशी, घरात पंगत बसलेली असताना. ज्या बाईने तीस वर्षं गावाचं टपाल सांभाळलं, एकाचं पाकीट कधी दुसऱ्याच्या दारात पडू दिलं नाही, तिने असं करावं म्हणजे नवलच. पण माणूस हौसेने क्वचितच खोटं बोलतं. बहुतेक वेळा दमलेलं असतं म्हणून बोलतं. बाई फार दमल्या होत्या.

घर गोव्यात, सर्वणचं, डिचोलीहून बसने दोन-चार थांबे. नवरा मधुकर जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घर दोघा भावांचं, वाटणी न झालेलं. धाकटा भाऊ रामचंद्र मुरगाव बंदरात नोकरीला लागला आणि तिथेच सड्यावर फ्लॅट घेऊन राहिला. अशी घरं आपल्याकडे गावोगाव आहेत. भाऊ परगावी, त्याची खोली बारा महिने कुलपात, आणि चतुर्थीला पाच दिवस सगळा गोतावळा गणपतीपुढे. मग पुन्हा कुलूप. किल्ली वहिनीकडे, ती फक्त झाडण्यापुसण्यासाठी.

रामचंद्र वाईट माणूस नव्हता. तो वाईट असता तर बाईंना बरं पडलं असतं, चार शब्द सुनावून मोकळ्या झाल्या असत्या. पण तो दर चतुर्थीला निघताना काकुळतीने म्हणायचा, "वयनी, एकटी कित्याक रावताय? घर बंद करूया. चल आमच्यावांगडा." आणि बाई दर वर्षी म्हणायच्या, "माका कितें जाता? बरी आसा हांव." मुरगावच्या तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्याच्या संसारात, टीव्हीसमोर खुर्चीत बसून दिवस काढायचे, हे त्यांना नको होतं. घरातली सून म्हणून त्या सर्वणला आल्या त्या त्रेचाळीस वर्षांमागे. दुसरीकडे राहायचं कसं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

मग एका एप्रिलमध्ये बाई मागीलदारी बावीजवळ, म्हणजे विहिरीजवळ, पाय घसरून पडल्या. सकाळचे दहा वाजले असतील. हाका मारल्या, पण शेजारची यशोदा माहेरी गेलेली आणि बाकीचे एका लग्नाला. उन्हं अंगावर आली, अंगावरून सरकली. दुपारी चारला पाववाला पोदेर सायकलचा भोंपू वाजवत आला, रोजची बाई पाव घ्यायला का येत नाही म्हणून मागे डोकावला, तेव्हा कुठे माणसाचा हात मिळाला. हाड शाबूत होतं, धीर मात्र गेला. त्या दिवसापासून मोरीत पाऊल टाकतानाही बाई भिंत धरायच्या.

रामचंद्रला त्यांनी काही कळवलं नाही. कळवलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाडी दारात आणि घराला टाळं. पोदेराला गळ घातली, यशोदाला शपथ घातली. आणि यशोदानेच जूनमध्ये तोड काढली. ती जवळच्या एका कॉलेजात कारकून होती. तिथलं वसतिगृह दुरुस्तीला काढलेलं, आणि आफ्रिकेतल्या मोझांबिकची एक मुलगी शेवटच्या वर्षासाठी खोली शोधत होती. कुणी द्यायला तयार नव्हतं, का ते सांगायला नकोच. बाई म्हणाल्या, येऊ दे. दाराची आणि खिडकीची अशी एकच खोली रिकामी होती, ती रामचंद्रची.

मुलीचं नाव सेलेस्ते. पहिल्या दिवशी बाई सवयीने म्हणाल्या, "जनेल उगड गो, उकाडा जाता," आणि मुलीने तडक जाऊन खिडकी उघडली. पोर्तुगीज तिथेही राज्य करून गेलेले, त्यामुळे तिच्या देशातही खिडकीला जवळजवळ तेच म्हणतात. खुर्ची म्हणजे कदेल, टेबल म्हणजे मेज, चमचा म्हणजे कुलेर करत दोघींनी अर्धं घर मोजून काढलं आणि पोट धरून हसल्या. मुलगी बाईंना 'तीया' म्हणायला लागली, म्हणजे मावशी. ती सकाळी कॉलेजला जाताना "तीया, येतें" म्हणायची आणि संध्याकाळी दारातूनच "तीया, आयलें". बाईंना दिवसाकाठी एवढं पुरायचं.

परदेशी माणूस घरात ठेवलं की घरमालकाने चोवीस तासांत पोलिसांना कळवायचं असतं, हे यशोदाने बजावून सांगितलं होतं. कागदाचं मोल बाईंना कुणी शिकवायला नको होतं. पण त्या कागदावर घराचे मालक लिहायचे, म्हणजे रामचंद्रचं नाव आलं. आणि रामचंद्रची बायको भाग्यलक्ष्मी हिचा भाऊ पोलिसांत. दोन दिवसांत बातमी मुरगावला. मग रामचंद्र विचारणार, वहिनीला परकं माणूस घरात का लागतं? मग ते बावीजवळचं सगळं निघणार. बाई म्हणाल्या, उद्या करू. असे पुष्कळ उद्या गेले.

सेलेस्तेची राहण्याची परवानगी सप्टेंबरअखेर संपत होती. ऑगस्टमध्ये तिने मुदत वाढवण्याचा अर्ज कॉम्प्युटरवरून भरला आणि पत्ता दिला सर्वणचा. तिचं काहीच चुकलं नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

मग चतुर्थी आली. बाईंनी मुलीला सहा दिवसांसाठी म्हापशाला तिच्या मैत्रिणीकडे पाठवलं, तिचं सामान आपल्या खाटेखाली लोटलं, खोली फिनेलने धुतली आणि पुन्हा कुलूप लावलं. रामचंद्र सहकुटुंब आला, आपल्या खाटेवर झोपला, काही म्हणाला नाही. चौथ्या दिवशी पानं वाढून झाली आणि दारात पोलीस. अर्जाची चौकशी करायला आलेला, ओळखीचा, गावातला.

"टपालबाय, हें नांव पळयात. असलें चेडूं हांगा रावता?"

आतून रामचंद्रने विचारलं, "कोण गो वयनी?"

बाईंच्या हातात खतखत्याच्या भाजीचा टोप होता. तो खाली ठेवायलाही त्या वळल्या नाहीत. "ना रे बाबा. हांगा असलें कोण रावना. पत्तो चुकला."

"तुमी सांगल्यार जालेंच," पोलीस म्हणाला आणि त्याने तिथेच उभ्याउभ्या लिहून टाकलं. पत्त्याच्या बाबतीत टपालबाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, गावात हे कुणीही सांगेल. बाईंना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सेलेस्तेचा अर्ज बंद झाल्याचा निरोप आला. दिलेल्या पत्त्यावर व्यक्ती राहत नाही, असं कारण. जुनी परवानगीही संपलेली. कॉलेजने सांगितलं, कागद नीट झाल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेता येणार नाही. मुलगी पणजीला परदेशी लोकांच्या नोंदणी कचेरीत जाऊन आली. तिथल्या अधिकारी बाईंनी नीट बसवून समजावलं होतं. दोन वाटा आहेत, म्हणाल्या. एक, देश सोडायचा परवाना घ्यायचा, घरी जायचं, तिथून नवा व्हिसा काढून यायचं. पण वर्ष जाणार, आणि सेलेस्तेची शिष्यवृत्ती होती याच वर्षापुरती, म्हणजे गेलेली मुलगी परत येण्याची आशा नाही. दुसरी वाट, इथेच राहून नव्याने अर्ज करायचा. उशिराचा दंड भरायचा आणि मुदत टळली ती माझ्या चुकीने नव्हे, हे दाखवून द्यायचं. तोंडाने नव्हे, कागदाने. कॉलेजचं हजेरीचं पत्र, घरमालकाचं लेखी निवेदन, आणि घर सामाईक असेल तर दुसऱ्या मालकाची संमती. मुदत पंधरा दिवस.

सेलेस्ते समजत होती, कॉम्प्युटरने घोळ घातला. बाईंनी तीन दिवस तिला तसं समजू दिलं. हे तीन दिवस मला बाईंना माफ करता येत नाहीत, आणि त्यांना स्वतःलाही करता आले नाहीत. मुलगी जेवेना. आईशी फोनवर हसून बोलायची आणि फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून बसायची. चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

मुलीला पहिल्यांदा कळेना. मग कळलं.

"तीया," ती म्हणाली, "हांव हांगा रावनां?"

"आसा गो. तू हांगाच आसा. हांवेंच ना म्हळें."

चहा तसाच ठेवून ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आत काही आपटलं असतं तर बाईंना सुटल्यासारखं झालं असतं.

त्याच दिवशी बाई डिचोलीला गेल्या, एका टायपिस्टकडे. निवेदन सांगितलं. तो भला माणूस म्हणाला, "बाई, 'गैरसमजुतीने सांगितले' असं घालूया. उगाच तुमच्यावर शेकायला नको." बाई म्हणाल्या, "गैरसमजूत नव्हती. खोटं सांगितलं, असंच घाला." त्याने दोनदा विचारलं आणि तसंच घातलं. बाईंनी खाली सही केली, अक्षर जुनंच, वळणदार आलं.

राहिली ती रामचंद्रची सही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? बाई पहाटे निघाल्या. डिचोलीहून पणजी, पणजीहून वास्कोची बस, मग सड्यावर जाणारी मिनी बस. जुवारी नदीचा पूल त्यांनी कित्येक वर्षांत ओलांडला नव्हता. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या चार वेळा थांबल्या.

"वयनी! एकटीच आयली? कितें जालें?"

"उदक दी पयलीं," बाई म्हणाल्या.

पाणी प्यायल्या आणि सांगितलं. मुलगी, खोली, पोलीस, एप्रिलचं सोडून सगळं. भाग्यलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे आमच्या खाटेर ती न्हिदताली?" तिने विचारलं. रामचंद्रने तिला हाताने गप्प केलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"पैसे उणे पडटाले तर माका सांगपाचें, वयनी."

"पैशांक लागून न्हय."

"मागीर कित्याक?"

बाई खिडकीकडे बघत बसल्या. काचेवर बंदराकडची काळी धूळ बसली होती आणि खाली एक जहाज लागलेलं होतं. हे एक वाक्य बोलू नये म्हणून त्या एप्रिलपासून कितीतरी वाक्यं बोलल्या होत्या. आता त्यांच्यात बळ उरलं नव्हतं.

"हांव पडली, रामचंद्र. एप्रिलात, बांयकडे. सकाळच्यान चारांमेरेन थंयच आशिल्ली. तेन्नासावन माका एकटीक भंय दिसता."

रामचंद्र बारा वर्षांचा होता तेव्हा ही वहिनी घरात आली होती. त्याच्या शाळेच्या डब्यात तिने रोज पोळी भरलेली.

"आनी माका सांगलें ना," तो म्हणाला. एप्रिलची गोष्ट त्याला ऑक्टोबरात कळत होती.

"सांगल्यार तू माका हांगा घेवन येतलो."

"घेवन येतलोंच. ना तर कितें करतलों?"

त्याने कागद ओढून घेतला, चष्मा शोधला, अक्षर न अक्षर वाचलं. 'खोटं सांगितलं' या शब्दांवर थोडा थांबला. मग सही केली, तारीख घातली, आपल्या ओळखपत्राची झेरॉक्स स्वतः खाली जाऊन काढून आणली. परत आल्यावर म्हणाला, "चेडवाचें वर्स सोंपामेरेन राव थंय. ती आसा म्हणून माकाय बरें. ती गेली की घर बंद. मागीर तू हांगा. आतां ना म्हणूं नाका, वयनी."

मुलीचं वर्ष संपेपर्यंत सर्वण, मग मुरगाव. बाई ना म्हणाल्या नाहीत. नऊ वर्षं ज्या एका उत्तरावर त्यांनी घर राखलं, 'माका कितें जाता', ते त्यांनी आत्ताच आपल्या तोंडाने मोडून टाकलं होतं. त्यांनी कागद पिशवीत घातला. भाग्यलक्ष्मीने न विचारता पान वाढलं, आणि मग, निघायच्या आधी, "बघून तर ठेव" म्हणून आतली छोटी खोली दाखवली. खोली स्वच्छ होती, उजेडाची होती. वाईट म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

घरी आल्यावर बाईंनी सेलेस्तेला फक्त सही झाली एवढंच सांगितलं.

पुढे पणजीच्या कचेरीत बाईंना बोलावणं आलं. साहेबाने निवेदन वाचून विचारलं, "हे तुम्ही स्वतः लिहून दिलंत? कुणी भाग पाडलं नाही?" बाई म्हणाल्या, "नाही." त्याने घरमालकाने कळवायचा फॉर्म उशिरा का होईना तिथल्या तिथे भरून घेतला आणि चांगली समज दिली. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतली. मुलगी बाहेर बाकावर बसली होती. परतीच्या बसमध्ये ती बाईंच्या शेजारी बसली आणि त्यांची पिशवी तिने आपल्या मांडीवर घेतली.

कॉलेजने फॉर्म तात्पुरता घेतला, पहिल्या सत्राची परीक्षा झाली. डिसेंबरच्या एका दुपारी सेलेस्ते मोबाइल हातात नाचवत अंगणातूनच ओरडत आली, "तीया! दिलें! दिलें!" परवानगी पुन्हा कायदेशीर झाली होती, तीस जूनपर्यंत. शेवटची परीक्षा, निकाल, सगळं त्यात बसत होतं. कितीतरी आठवड्यांनी ती मोठ्याने हसली आणि तिने बाईंना घट्ट मिठी मारली. बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. मुलीचं वर्ष वाचलं याचा आनंद खराच होता, अगदी आतून होता.

"आनी हांव गेलें की," सेलेस्ते तिच्या मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाली, "म्हजी ज्युनिअर आसा, बरी आसा. ती येतली रावपाक. तू एकटी न्हय."

"नाका गो," बाई म्हणाल्या. "माकाय तीस जूनमेरेनच."

सेलेस्तेला वाटलं, म्हाताऱ्या बाईंना नीट उमगलं नाही. तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला, आपल्या नावावर बोट ठेवलं, मग तारखेवर, आणि सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागली. "ही म्हजी तारीख, तीया. म्हजी. तुजी न्हय. तुजें घर हें."

बाईंनी चष्मा पुसला आणि ती तारीख पुन्हा एकदा वाचली.