विलासिनीचेचीची गाठ

केरळातल्या वेंबनाड तलावाच्या काठावरच्या काथ्याच्या केंद्रात विलासिनीचेची आणि मी वीस वर्षं एकाच रहाटावर सुंभ वळत आलो. मी तिला चेची म्हणते, म्हणजे ताई. ती विधवा, हाताला चलाख, बोलायला कमी. एका दुपारी आम्ही पेज पीत बसलो होतो, तेव्हा घोटाबरोबर तिच्या गळ्यात सुपारीएवढी गाठ वरखाली होताना मला दिसली.

"चेची, हे कधीपासून?"

"असेल वर्षभर. तू आपली पेज पी, अंबिके."

तिची थोरली बहीण देवकी गळ्याच्या गाठीनंच गेली होती. सुई टोचून तपासणी झाली आणि दोन महिन्यांत ती संपली. सुईनं गाठ खवळली, असं सगळं गाव म्हणायचं. चेचीही तेच धरून बसली होती. मी रोज विषय काढायचे, ती रोज उठून जायची.

शेवटी मी म्हटलं, "मग डॉक्टरलाच तोंडावर सांग ना, सुईनं माझी बहीण मारली म्हणून. येते मी सोबत."

"सांगतेच," ती म्हणाली.

आणि आलप्पुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर शीबांना तिनं खरंच तसं सांगितलं. देवकीचे जुने कागदही पुढे टाकले. शीबाबाईंनी ते शांतपणे वाचले.

"यांना आणलं तेव्हाच श्वास कोंडत होता," त्या म्हणाल्या. "फार झपाट्यानं वाढणारा कॅन्सर होता, आणि आधीच पसरलेला. सुईनं फक्त तो कोणता ते कळलं. सुईमुळे कॅन्सर पसरलेला एकही रुग्ण मी पंचवीस वर्षांत पाहिला नाही. थोडं दुखेल, जरा काळंनिळं पडेल, एवढंच."

चेचीनं देवकीच्या कागदांची घडी घातली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "देवकी दवाखान्यात जाते म्हणत होती. मीच अडवलं. चार महिने."

हे मला ठाऊक नव्हतं.

सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत शीबाबाईंनी बारीक सुई घातली, दोनदा. "गिळू नका, बोलू नका." चेचीनं माझं बोट घट्ट धरलं होतं. दहा मिनिटांत ती कापूस दाबून बाहेर बसली होती.

आठवड्यानं निकाल आला. कॅन्सरच, पण सावकाश वाढणारा. गाठीसकट गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काढली. काही महिने आवाज घोगरा होता, मग सुटला. ग्रंथीऐवजी रोज सकाळी एक गोळी, ती आता जन्माची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चेचीनं देवकीच्या मुलीला बोलावून, तिच्या आईला चार महिने अडवल्याचं सगळं सांगितलं. मुलगी उठून गेली. याला सहा वर्षं झाली. चेची दर ओणमला तिच्याकडे पायसम् पाठवते. डबा धुऊन परत येतो, ती येत नाही.